पहिली हळद

घोडेगावच्या स्टँडवर डिंभ्याची गाडी येईना. शेजारची बाई मोबाइलवर मालिकेचे छोटे छोटे भाग एकामागून एक बघत होती. सुना जिला मोलकरीण समजत, ती सासूच कारखान्याची मालकीण निघाली, तेव्हा बाईने मोबाइल पदराने पुसून पिशवीत मुंडावळ्यांवर ठेवला.

"आज माझ्या पोराची हळद हाय. पयली हळद मीच लावणार."

तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. मी दचकलेच.

"अगं, विधवा ना तू? लोक काय म्हणतील?"

"मावशी, त्याला वाढवताना कोण लोक आलं व्हतं?"

गाडी आली, ती चढली. माझीही तीच गाडी होती, पण मी बसूनच राहिले. माझ्या पोराच्या हळदीला मीही विधवाच होते, म्हणून चुलीपाशी बसले होते. मला तसं कोणी सांगितलंही नव्हतं.