आईला सुरुवात ठाऊक नसायची

माझी आई सिनेमाच्या तिकीट खिडकीत बसायची. लोकांना वाटायचं, काय चैन आहे, फुकटात सिनेमे! कसली चैन न् कसलं काय. पडद्यावर खेळ सुरू झाला तरी उशिरा येणाऱ्यांना तिकिटं द्यायला ही खिडकीतच. इंटरव्हलनंतर खिडकी बंद झाली की मागच्या दाराने आत शिरून शेवटच्या रांगेत टेकायची. त्यामुळे शेकडो सिनेमांचे शेवट तोंडपाठ, आणि सुरुवात एकाचीही माहीत नाही!

पण तिचं काही अडायचं नाही. घरी येऊन भाजी चिरता चिरता ती मला अख्खा सिनेमा सांगायची. पहिला अर्धा चक्क मनाने रचलेला. मी तो शाळेत छातीठोकपणे सांगायचे आणि मैत्रिणी खो खो हसायच्या. "अगं, तो खलाशी नसतो, पोस्टमन असतो!" मी तणतणत घरी. आई शांतपणे म्हणायची, "मग शेवटी तो जहाजावर काय करत होता?" म्हणजे वर मलाच उलटा प्रश्न!

सगळ्यांत आवडती गोष्ट मात्र माझ्या जन्माची. बाबा मी लहान असतानाच गेले, त्यामुळे ती आईच सांगायची, आणि पुढे माझ्या लेकीलाही तिनेच सांगितली. पण माझी लेक म्हणजे पोलीस खात्यात हवी होती. एकदा आजी रंगात येऊन म्हणाली, "लाइट गेलेले, नर्सने मेणबत्ती धरलेली..."

"थांब आजी," लेक म्हणाली. "परवा तर तू म्हणालीस, पंखा इतका करकरत होता की आईचं रडणंच ऐकू आलं नाही. लाइट नव्हते तर पंखा कसा चालला?"

आजी हसली आणि तिने विषय बदलला. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. खरं काय होतं? मग आई आजारी पडली, डॉक्टरांनी मान हलवली, आणि मला धडकीच भरली. ही गेली तर मला कोण सांगणार?

एका दुपारी तिच्या उशाशी संत्रं सोलत बसले होते. न राहवून म्हणाले, "आई, आता थापा पुरे. मी जन्मले तेव्हा लाइट होते की नव्हते?"

तिने पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मला काय माहीत? मी नव्हते गं तिथे."

"नव्हतीस म्हणजे?" मी विचारलं.

"तुझी जन्मदाती बाळंतपणातच गेली. मी तुझ्या बाबांशी लग्न करून आले, तेव्हा तू भिंत धरून चालायला लागली होतीस."

मला राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकदमच. "मग सांगायचं नाही का कधी? आणि तिथे नव्हतीसच, तर एवढ्या गोष्टी कशाला रचल्यास?"

"उशिरा आले ना," ती म्हणाली. "फार वाटायचं, तेव्हापासून असते तर." मग माझ्या हातातली फोड घेतली आणि म्हणाली, "लाइट होते असंच धर. तू मला नीट दिसायला हवीस."

आई जाऊन आता बरेच दिवस झाले. लेक अजून खोदून खोदून विचारते. मी सांगते, लाइट होते, पंखा करकरत होता आणि आजी तिथेच होती.