डबेबंदीचा जनक

नव्वदीच्या सुरुवातीला मी दोंडाईच्याहून जळगावला एम.ए. करायला आलो, तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, दोन पायजमे आणि पत्रकांचा एक गठ्ठा होता. आईनं चटणीचा डबाही भरून दिला होता. तो मी स्टँडवरच तिला परत केला. चळवळीतला कार्यकर्ता डबे वागवत नाही, असं माझं मत होतं.

वसतिगृहाच्या मेसमध्ये चार लांब टेबलं होती. सोमवारी पोरं गावाहून परतली की टेबलांवर घरचे डबे उघडत. रावेरकडच्यांचं टेबल वेगळं, साक्रीच्या डोंगराकडच्यांचं वेगळं, धुळे शहरातल्या मुसलमान पोरांचं वेगळं. चौथ्यावर मी आणि पाण्याचे जग. महिनाभर मी त्या जगांबरोबर जेवलो. कोणी माझ्याशी भांडलं नाही आणि कोणी हाकही मारली नाही. भांडले असते तर निदान बोलता तरी आलं असतं.

मी नवं पत्रक लिहिलं, स्टेन्सिल कापली, सायक्लोस्टाइल केलं, खोल्याखोल्यांत वाटलं. 'जेवणाच्या टेबलावरची सुभेदारी मोडून काढा. मागणी क्रमांक एक: मेसमध्ये घरचे डबे आणण्यास तात्काळ बंदी.' डबे गेले की पोरं एकत्र बसतील, असा माझा हिशेब. खरं तर मला कुठंतरी बसायचं होतं, पण तसं पत्रकात लिहीत नाहीत.

रेक्टर सरांना डब्यांमुळे होणाऱ्या मुंग्यांचा वैताग होता. विद्यार्थ्यांची मागणी एका दिवसात मान्य झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. नोटीस लागली: 'विद्यार्थ्यांच्याच आग्रहावरून.'

त्या सोमवारी मेसची डाळ पहिल्यांदा सर्वांनी तशीच, बिनआधाराची खाल्ली. एकजूट झाली ती माझ्याविरुद्ध. जेवण झाल्यावर रावेरकडचा एक आडदांड गडी माझ्यासमोर येऊन बसला.

"पत्रक तूच लिव्हलं ना?"

"हो. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मंग हे तत्त्व पोळीसंगं खाऊन दाखव मले."

मागून साक्रीचा एक शांत पोरगा म्हणाला, "भाऊ, बठ्ठा उपाशी शेत. तू चटणी मांगी लेतास, आम्हीन नही म्हनतूत का?"

सगळे उपाशी होते, आणि चटणी नुसती मागून घ्यायची होती. हे मला सुचलंच नव्हतं. आम्हाला मागण्या शिकवल्या होत्या, मागणं नव्हे.

मागणी मागे घेणंही शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते दोघं आणि धुळ्याचा एक पोरगा माझ्या खोलीत येऊन बसले, आणि नवं पत्रक मी लिहीत असताना तिघांनी मिळून ते कापलं. धुळ्याचा म्हणाला, "नेताजी, 'भांडवलशाही' काट दो. रेक्टर घाबरेल. नुसतं लिव्हा, डबे द्या, मुंग्या आम्ही झाडू." चार पानांचं पत्रक साडेतीन ओळींवर आलं. इतका अपमान माझ्या लेखणीचा कोणी केला नव्हता.

रेक्टर सरांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. "हे आत्ताचं कोणी लिहिलं?"

"आम्ही," साक्रीचा म्हणाला.

"आणि आधीचं?"

मी तोंड उघडलं, तोच रावेरचा बोलला, "तेबी आम्हीच, सर. चुकलं."

मी रागानं लाल झालो. ते पत्रक माझं एकट्याचं होतं, शुद्धलेखनासकट. पण तिघांच्या मधे मी उभा होतो आणि रावेरच्यानं माझा दंड असा धरला होता की खुलासा करायची सोय नव्हती. सरांनी आमच्याकडे बघितलं, मेस झाडायची पाळी चौघांवर लावली आणि नोटीस फाडली.

पुढच्या सोमवारी पोरं आपापल्या जुन्या टेबलांवर. सुभेदारी एका इंचानंही हलली नव्हती. मी ताट घेऊन मधेच उभा राहिलो, संतापायच्या तयारीत. तेवढ्यात साक्रीचा बाकावर जरा सरकला.

"आठे बठ."

"ओ, उद्या आमच्याकडं," पलीकडून धुळ्याचा ओरडला. "अम्मीनं लोणचं दिलंय. नंबर लावून ठेवलाय."

मी बसलो. खुरसणीची चटणी मागून घेतली, दोनदा. टेबलं वेगळी असण्याचा मुद्दा मी सोडलेला नाही; फक्त त्या दिवशी तोंड भरलेलं होतं.