नावापुढची चांदणी

तामलवाडीच्या सुमनबाईंच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढं पोरीच्या हातात पाटी दिली. पोर टायपिंग शिकली, धाराशिवच्या एका दूध संघात लागली. तिथले जुने कारकून आबाराव यांनी पहिल्याच आठवड्यात सुमनबाईंना कचेरीची रीत दाखवली. ज्या विहिरीचं पाणी तपासणीत नापास, तिच्या नावापुढं वहीत लाल चांदणी काढायची. बाकी काही लिहायचं नाही. चांदणी दिसली की संघाचा पाण्याचा टँकर तिकडं फिरकत नसे.

सत्याऐंशीच्या दुष्काळात विहिरींची माहिती मोठ्या कॉम्प्युटरवर भरायला संघानं त्यांना सोलापूरला धाडलं. एका विहिरीची एक फाईल, तिच्याच नावाची. नापास विहीर आली की फाईलच्या नावातच सुमनबाई चांदणीची (*) कळ दाबत. मशीननं ती मुकाट घेतली.

एप्रिलात धाराशिवला छोटा कॉम्प्युटर आला. सोलापूरच्या कॉम्प्युटरवाल्या बसवराजनं फ्लॉपीवरून फाईली त्यात उतरवल्या, नावांची यादी छापली, आणि सकाळीच जीपनं ती बेंबळीच्या आणि माकणीच्या जनावरांच्या छावण्यांवर, टँकरवाल्यांकडं गेली. कचेरीतली प्रत आबारावांनी चष्मा वर करून पाहिली.

"यंदा एक बी विहीर नापास न्हाय. नवलच हाय."

सुमनबाईंनी कागद ओढून घेतला. एकसष्ट नावं, चांदणी एकही नाही. सोलापुरात त्यांनी स्वतः नऊ दाबल्या होत्या.

त्यांनी विचारलं तसं बसवराजनं सहज सांगितलं की हे मशीन वेगळं, नावात चांदणी चालवून घेत नाही. चांदणी म्हणजे सगळ्याच फाईली, असं ते समजतं. म्हणून उतरवताना ती गाळावी लागते.

"मला इचारायचं तरी," एवढंच बाई बोलल्या.

बेंबळीच्या छावणीला सगळ्यात जवळची विहीर शिवप्पाची. तिच्यात कुणीतरी एंड्रीनचे, पिकावर फवारायच्या विषाचे, डबे टाकले होते. दोन्ही छावण्यांवर लावलेला फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग सुमनबाई संघाच्या दुधाच्या गाडीत बसून निघाल्या. वाटेत एकाही शेतात हिरवं पान नव्हतं.

छावणीवर गुंडाप्पाचा टँकर हौदात रिकामा झाला होता. दावणीची गुरं पाण्याच्या वासानं दावी ताणत होती.

"गुरं सोडू नका. पाणी शिवप्पाच्या विहिरीचं हाय," सुमनबाई गाडीतून उतरतानाच ओरडल्या.

गुंडाप्पानं खिशातली यादी काढून पुढं धरली. "बाई, संघाचाच कागद हाय. नापास कुठं लिवलंय, दावा."

दाखवायला काहीच नव्हतं. सुमनबाईंनी पदर खोचला, हौदात उतरल्या आणि तळाचा बोळा उपसला. पाणी धुळीत पळालं. दोन दिवसांची तहानलेली माणसं धावून आली. एका म्हातारीनं तर नोकरीवाल्यांना तहान म्हणजे काय ते कसं कळणार, म्हणून त्यांच्या तोंडावर थुंकण्याची भाषा केली.

तेवढ्यात हौदाच्या कडेला, गळणाऱ्या पाण्याला मघाशीच तोंड लावलेली म्हातारीची शेळी थरथरायला लागली. मग आडवी पडली. पाय झाडत राहिली, मान मागं वळली. म्हातारी तिच्याजवळ धावली. माणसं हौदापासून मागं सरली.

ओलं लुगडं पिळायलाही सुमनबाई थांबल्या नाहीत.

"गुंडाप्पा, माकणीलाबी हीच यादी गेलीया. तिथल्या हौदात पाणी कवा पडतं?"

गुंडाप्पानं मान वर करून सूर्याकडं पाहिलं.

"पडलं असंल," तो म्हणाला.