मुकादमाच्या पाठीमागचा डोंगर

नेरमध्ये नागोराव गवंड्याने बांधलेल्या भिंती आजही ओळंब्यात उभ्या आहेत, आणि त्याच्या हाताखाली राबलेली माणसं आजही त्याला पाहून रस्ता बदलतात. दोन्ही गोष्टींचा त्याला सारखाच अभिमान. माणूस कामाचा पक्का, पण तोंडाचा फाटका आणि हाताचा त्याहून फाटका. गिलाव्यात खोट दिसली की तो घोटायचा लाकडी रंधा आधी मजुराच्या पाठीवर बसायचा, मग भिंतीवर फिरायचा.

तीन वर्षांपूर्वी तो परांचीवरून पडला, डावा पाय कायमचा वाकडा झाला, आणि हा सगळा दरारा घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसला. बायको जया त्याच्या वर्षभर आधी गेलेली. घरात मुलगा रवी आणि सून उर्वशी. रवीचं बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. बापाशी तो मोजकं बोलायचा: जेवले काय, गोळी घेतली काय. उर्वशी ताट ठेवायची, "मामाजी, वाढलं" म्हणायची आणि आत जायची. म्हाताऱ्याजवळ आपणहून येणारा जीव त्या घरात एकच होता, आणि तो पाण्यात राहायचा.

बैठकीतला चार फुटी फिशटँक रवीचा. नऊ वर्षांपासून चालू, एकदाही पूर्ण रिकामा न केलेला. त्यात रवीचे सहा लाल पॅरट मासे, आणि एक ऑस्कर जातीचा मासा, फूटभर लांब, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे डाग. तो आधी जयाच्या हातून खायचा. ती गेल्यावर चार दिवस उपाशी राहिला आणि पाचव्या दिवशी नागोरावच्या बोटांतून दाणा घेतला. तेव्हापासून नागोराव खुर्ची ओढून बसला की तो काचेला येऊन चिकटायचा आणि काम तपासायला आल्यासारखा एका डोळ्याने त्याला न्याहाळायचा. म्हणून त्याचं नाव मुकादम. जन्मभर मुकादमांना शिव्या घातलेला हा माणूस या एकाला कधी वाकडा शब्द बोलला नाही. जे प्रेम बायकोला, पोराला मिळालं नाही, ते सगळं एका माशाला मिळत होतं, आणि घरातले ते रोज बघत होते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी टँकसमोरच्या भिंतीवर नवी ट्यूबलाइट लागली आणि मुकादमाला मागच्या काचेत दुसरा मासा दिसू लागला. तो धडका मारायचा. चार-सहा दिवसांत त्याचं नाक सोलून पांढरं पडलं. नागोरावचा जीव कासावीस झाला. त्याला जेवण जाईना.

"बाहीरून काळा कागद लावून देतो," रवी म्हणाला. "दहा मिनटाचं काम हाय."

"गवंड्याच्या घरात कागदाची भिंत? डोंगर करतो म्या त्याच्यासाठी. पाहत राह्य."

आणि खरंच, म्हातारा कामाला लागला. खिडक्या बसवणारा रिजवान अधूनमधून त्याच्याकडे यायचा. कधीही त्याच्या हाताखाली राबला नसल्यामुळेच यायचा. त्याने चौकटीच्या फटीत भरायचा फुगणारा फोम आणून दिला, अर्धा उरलेला डबा. नागोरावने टँकच्या मापाचा थर्माकोल कापला, त्यावर फोमच्या वळ्या सोडल्या. त्या डोळ्यांदेखत फुगल्या. दुसऱ्या दिवशी चाकूने त्यांच्या कडा तासल्या, खाचा पाडल्या, नाल्याकाठच्या काळ्या दगडासारख्या. फोम पाण्यावर तरंगणार हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. बुडाशी त्याने कडप्प्याची पट्टी घट्ट बसवून टाकली. मग काळा रंग कालवलेलं सिमेंट ब्रशने चढवलं. एक हात, दोन हात, तीन हात. थरथरणारी बोटं त्या आठवड्यात थरथरली नाहीत.

तिसरा हात चढत होता तेव्हा रिजवान ओट्यावर बसला होता आणि उर्वशी चहा घेऊन आली होती. रवी दुकानातून आला, हेल्मेट हातात घेऊन क्षणभर उभा राहिला.

"बाबा, वाळल्यावर लगेच टाकू नका हे. सिमेंटातला चुना पाण्यात सुटते. तीन-चार हप्ते बादलीत बुडवून, पाणी बदलवत राहा लागते. नाही तं मासे—"

"चुना!" नागोरावने ब्रश आपटला. "मले चुना शिकवून राह्यला काय बे? तुझी माय चुना कालवता कालवता गेली! सात दिवस पाणी मारलं का सिमेंट पक्कं. तीस वर्षं झाले, एक भिंत दाखव माझी चिरलेली."

"भिंतीची गोष्ट वेगळी हाय, बाबा. त्याच्यात कोनी राहत नाही पाण्यात."

"ऐक रिजवान, हा मले पाणी शिकवते!" नागोरावला आता रंग चढला. "अकरा वर्षांचा होता. स्लॅबले पाणी माराले ठेवला, तं सावलीत झोपला लेकाचा. मंग काय, बिनचपलेचा उभा केला मे महिन्यात, भर दुपारी स्लॅबवर. खालून म्या म्हनो, पाणी मारत राह्य! थांबला तं पाह्य! संध्याकाळी खाली उतरला तं तळपायाची कातडी वरच राह्यली होती!"

तो खदखदून हसला. रिजवान हसला नाही. उर्वशीने ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. तिने नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. लग्नाला सहा वर्षं झाली, हा माणूस घरातसुद्धा चप्पल का काढत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. रवी हेल्मेट खुंटीला अडकवून आत गेला.

पुढे सात दिवस नागोरावने डोंगरावर ओलं पोतं टाकून दिवसातून चार वेळा पाणी मारलं. लंगडत बादली आणायचा, तांब्याने शिंपडायचा. गवंडीकामाच्या हिशेबाने त्यात काडीची चूक नव्हती. सातव्या दिवशी संध्याकाळी रवी स्वतःहून जवळ आला.

"सात दिवस झाले ना, बाबा?"

"झाले."

"मंग टाकून घेऊ."

नागोरावला बरं वाटलं. शेवटी पोरगं वळणावर आलं, असं त्याला वाटलं, आणि ते त्याने रिजवानला फोनवर सांगितलंही. डोंगराला जागा व्हावी म्हणून रवीने आधी टँकमधलं दोन बादल्या पाणी काढलं. "फेकू नको, झाडाले होते," असं उर्वशीला सांगून बादल्या न्हाणीघरात ठेवल्या. मग बापलेकांनी दोन्ही बाजूंनी धरून डोंगर आत सोडला. तो मागच्या काचेला अचूक बसला. सूतभरही फट नाही. मुकादम आधी कोपऱ्यात दबला, मग हळूहळू आला आणि एका खाचेत अंग टेकवून स्थिर झाला. धडका थांबल्या. नागोरावच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोला लाकडं देतानाही ते आलं नव्हतं.

पहाटे पाचला तो उठला आणि आधी टँकपाशी गेला. मुकादम डोंगराच्या पायथ्याशी आडवा पडला होता. अंगावर पांढरी साय, कल्ले भराभर उघडत होते, डोळा वर. लाल मासे कुठेच नव्हते. ते डोंगरामागे अडकले असतील म्हणून त्याने टॉर्च मारला, पण मागे शिरायला फट त्याने ठेवलीच नव्हती. तेवढ्यात न्हाणीघरातून हवेच्या पंपाची गुरगुर ऐकू आली.

तिथे कालच्या दोन बादल्या होत्या. प्रत्येकीत तीन-तीन लाल मासे, जुन्या पाण्यात, ठणठणीत.

"रव्या!"

रवी दारात आला. झोपलेला वाटत नव्हता.

"हे कवा काढले?"

"तुमी झोपल्यावर."

"अन् मुकादम?"

"तो तुमचा होता."

नागोरावचा हात सवयीने कोपऱ्यातल्या रंध्याकडे गेला आणि अर्ध्यावर राहिला. "मले काहून नाही सांगतलं बे?"

"सांगतलं होतं. रिजवानभाऊसमोर."

म्हातारा टँककडे परतला. त्याने बाह्या वर करून मुकादमाला दोन्ही हातांनी उचललं, लंगडत न्हाणीघरात नेलं आणि एका बादलीत सोडलं. बादली अपुरी पडली. तोंड खाली गेलं, शेपटी आणि अर्धी पाठ पाण्याबाहेर राहिली. नागोराव फरशीवर बसला आणि त्या उघड्या पाठीवर ओंजळीने पाणी सोडू लागला.

उर्वशी रवीचा हात धरून म्हणाली, "अहो, मोठा टप काढा ना."

रवी हलला नाही. तो बापाच्या डोक्याकडे वरून बघत होता, चप्पल घालून, दारात.

"पाणी मारत राहा, बाबा," तो म्हणाला. "थांबू नका."

नागोराव थांबला नाही. कल्ले बंद पडले तेव्हाही तो थांबला नाही. ऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं, उर्वशीने बादली त्याच्यासमोरून उचलून नेली, तरी त्याची कोरडी ओंजळ फरशीवर वर-खाली होत होती.