उजवीकडची सीट

गाडीवर जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण गाडीला धर्मशास्त्र लावणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच होऊन गेला, आणि ते माझे आतोबा. बेंगलोरात सरकारी कचेरीत हेडक्लार्क. बंद गळ्याचा कोट, कपाळाला गंध, आणि नियमात बसल्याशिवाय शिंकायचंही नाही असा स्वभाव. अशा माणसानं मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन पाद्रीबाबांची मोडकी गाडी घरी आणावी याचं नवल त्यांच्या सगळ्या चामराजपेट वस्तीला वाटलं. गाडी इतकी लांब की तिचं तोंड ओसरीला टेकलं तरी शेपूट रस्त्यावर. रुंदीपायी फाटकाचा खांब पाडावा लागला तो वेगळाच.

पुढची काही वर्षं ती गाडी सुट्या भागांच्या रूपानं आत्याच्या घरात नांदली. रविवारी सकाळी आतोबा स्नानसंध्या उरकून, सोवळं नेसून इंजिनात हात घालत. कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये भिजायचा तो आत्याच्या साराच्या पातेल्यात, आणि धुतलेले नटबोल्ट सांडग्यांशेजारी त्याच चटईवर वाळायचे. एकदा तळणीत नट निघाला, तर आतोबांना पहिला आनंद झाला तो हरवलेला नट सापडल्याचा. अमेरिकन भाग बाजारात कुठले मिळायला? बेंगलोरातल्याच शिवाजीनगरच्या भंगारबाजारातून लष्करी ट्रकचे तुकडे आणायचे, कानशीनं घासायचे आणि हळदकुंकू लावून मगच बसवायचे. "परक्या घरचा आहे रे, आधी आपला करून घ्यायला नको का?" असं ते मला समजावत.

आत्याला गाडीचं कौतुक नव्हतं, तिला पातेलं परत हवं होतं. तिनं गावाबाहेरच्या बनशंकरीला नवस बोलला, "आई, हे धूड एकदाचं चालू दे, दर रविवारी राहुकाळी ह्याच गाडीतनं येऊन तुझ्यापुढं लिंबाचे दिवे लावीन." देवीनं ऐकलं. गाडी सुरू झाली ती अशा आवाजात की शेजारच्या कन्नड मास्तरांनी भूकंप समजून बायकोमुलांना रस्त्यावर आणलं.

खरा घोटाळा पुढेच होता. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे आतोबा डावीकडे आणि आत्या उजवीकडे. "देवीला जाणं हे धर्मकार्य. धर्मकार्यात पत्नी उजवीकडं. सरी, ठीक जमलं," असा त्यांनी निकाल दिला आणि पहिल्या रविवारी दोघं थाटात निघाली. डावीकडून समोरचा रस्ता दिसत नसल्यामुळे बैलगाडी ओलांडायची झाली की आत्यानं उजव्या खिडकीतून डोकं काढून "या, या, मोकळं आहे" म्हणायचं. दिवे लावून झाले, आत्या परत गाडीत येऊन बसली, पण आतोबा गाडी सुरू करीनात.

"धर्मकार्य संपलं," ते म्हणाले. "आता घरी जाणं म्हणजे संसार. संसारात पत्नी डावीकडं. डावीकडं तर मी आहे."

"मग मागं बसते की."

"मागं बसलीस तर लोक मला ड्रायव्हर समजतील."

झालं! तेव्हापासून आत्या देवीला गाडीनं जायची आणि घरी बसनं यायची. बरं, बायकोला एकटं सोडायचं नाही हाही नियमच होता. त्यामुळे बस पुढे आणि मागून ती अवाढव्य गाडी, अशी वरात निघे. बस थांब्यावर थांबली की आतोबा थांबत, बस निघाली की निघत. "स्वल्प मुंदे होगी, अक्का," म्हणत कंडक्टर तिला पुढे सरकवू पाही, पण आत्या मागच्या काचेजवळची जागा सोडत नसे. उपाशी पोटी, गर्दीत उभी राहून, मी सोबत असलो की ती मला म्हणायची, "देवीनं गाडी चालती केली, आता एकदा मला तीतनं घरी आणावं, एवढंच मागणं आहे बघ."

वर्षं गेली. आत्याचे गुडघे धरले. एका रविवारी बस आली, पण तिचा पाय पायरीवर चढेना. दोनदा खटपट करून ती खाली उभी राहिली आणि बस निघून गेली. मी तिथेच होतो. आतोबा गाडीतून उतरले, डावं दार पाहिलं, उजवं दार पाहिलं, आणि म्हणाले, "घराच्या कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ आहे. आपण घरी जायचंच नाही. मारुतीच्या दर्शनाला जाऊ. तेही धर्मकार्यच." त्यांनी स्वतः उजवं दार उघडलं. आत्या घरापर्यंत हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

मग ती जाईपर्यंत दर रविवारी त्या मारुतीला दोघांचं दर्शन घडत राहिलं.

ती गेल्यावर एकदा आतोबांनी मला त्याच गाडीतून देवीला नेलं. परतताना मी उजवीकडे बसलो होतो. न राहवून विचारलं, "आतोबा, मारुतीचं आधीच का नाही सुचलं?"

"पहिल्याच रविवारी सुचलं होतं रे," ते म्हणाले. "पण ती बसच्या काचेतनं सारखी मागं वळून बघायची. आहे की नाही मी, म्हणून. लग्न झाल्यापासनं इतकं कधी बघितलं नव्हतं तिनं माझ्याकडं. मग राहू दिलं." थोड्या वेळानं पुटपुटले, "चुकलंच माझं. पाय दुखायचे तिचे."

पुढे बस चालली होती. मी खिडकीतून डोकं काढून पाहिलं आणि म्हटलं, "जा आतोबा, रस्ता मोकळा आहे."

"असू दे," ते म्हणाले. बस थांब्यावर थांबली, तसे तेही थांबले.