बडोद्यात मावशीने बूट फिरवले

सुधामावशीचा फोन आला, "गाडी घेऊन ये, मला एकटीला जायचं नाही," आणि मी नाशिकहून निघालो. हौसेने नाही, सरळच सांगतो. साठी जवळ आली की लांबचं ड्रायव्हिंग अंगावर येतं. पेठ-धरमपूरचा रस्ता दिसायला देखणा, पण खड्ड्यांनी कंबरेचा पार भुगा केला. पुढे हायवे बरा, फक्त ट्रक संपता संपत नाहीत. पहाटे निघा, नाहीतर भरूचच्या अलीकडे माझ्यासारखे अडकाल.

मावशी प्रतापनगरला एकटी राहते. काका फौजेत होते, एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले. ना देह आला, ना खात्रीची बातमी. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मावशी अजून कुंकू लावते, फोटोला हार घालू देत नाही. आता कला शिकणाऱ्या मुलांनी शहरातल्या शहीद जवानांसाठी मातीचे बूट घडवून मैदानात मांडले होते. प्रत्येक जोडापुढे एक नाव. घरच्यांनी येऊन त्यावर फूल ठेवायचं. त्यात काकांचंही नाव होतं.

"फूल ठेवलं म्हणजे ते गेले हे मी मान्य केलं. हो ना रे?" मावशीने विचारलं. मी विषय बदलला, सकाळी किती वाजता निघायचं ते विचारलं.

सकाळी मांडवीजवळ शेवउसळ खाल्ली. तिखट तरी वेगळी देतात, जपून घ्या. तिकडे गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही, रिक्षा करा. मावशीने दोन घास खाऊन बशी सरकवली. "चालो," म्हणाली, "उरकून टाकू एकदाचं."

मैदान उन्हाने तापलं होतं. सगळ्या बुटांची तोंडं फाटकाकडे, पलटण निघाल्यासारखी. भाषणं काही संपेनात. राष्ट्रगीताला मावशी उभी राहिली. मी हात धरला, तर झटकला. लोक फुलं ठेवत होते, फोटो काढून निघत होते. मावशी मात्र फूल मुठीत धरून उभीच. मग एकदम खाली बसली आणि काकांच्या नावाचे बूट उचलून तिने उलटे फिरवले, घराच्या दिशेला.

मांडणी करणारी मुलगी धावत आली. "माँजी, लाइन बगडशे!"

"बिघडू दे बेन. जाताना मी त्यांना बघितलंय, स्टेशनवर. मला येताना बघायचंय."

मग मुलीनेच वाकून बूट तसेच, घराच्या दिशेला, नीट बसवले. मावशीने त्यांवर फूल ठेवलं. "आलात ना," म्हणाली, "दमला असाल." आणि तिथेच मातीत बसून रडली. मीही रडलो, त्यात लाज कसली!

परतीचा रस्ता तोच, खड्डे तेच. मित्र विचारतात, बघण्यासारखं आहे का? आहे. पण बघून माणूस थकतो, हेही सांगून ठेवतो. इतकी वर्षं आम्ही सगळे मावशीला समजूतदार म्हणत आलो आणि तिचं वाट बघणं सोयीने विसरलो, हे मनातून जात नाही.

घरी पोचल्यावर, पोचलो म्हणून कळवायला मावशीला फोन केला. उचलेना. धाबं दणाणलं. शेजारणीला पाठवलं. बऱ्याच वेळाने शेजारणीचा फोन आला.

"काही नाही हो, झोपल्या होत्या. हाका मारून मारून थकले. त्यांचं दार रात्रीसुद्धा कायम नुसतं लोटलेलं असतं, आज आतून कडी होती."