चाकावर न फिरलेली घागर

दिग्रसजवळच्या आमच्या गावात कुंभाराचं एकच घर, नागोरावचं. चाक तो फिरवायचा, बाकी सगळं त्याची बायको कोकिळा. माती तुडवायची, त्यात लीद कालवायची, ओली घागर थापटून थापटून फुगवायची, भट्टी लावायची. चाकाला मात्र बाईमाणसानं हात लावायचा नाही, असा त्यांच्यात नेम. अठ्ठावन्न साली नागोरावला लकवा झाला, उजवा हात लुळा पडला आणि चाक थांबलं.

कोकिळानं नेम मोडला नाही. भारी डोक्याची बाई! फुटक्या घागरीचं बूड घेतलं, त्यात मातीच्या वळ्या एकावर एक चढवल्या आणि निव्वळ हातानं घागर उभी केली. भाजून निघाल्यावर नागोरावनं डाव्या हातानं टिचकी मारली. "वाजते तं बराबर," तो म्हणाला. त्या दिवशी कोकिळाचे पाय जमिनीला लागत नव्हते.

अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या अखजीला, पितरांच्या नावानं नवी घागर भरतात. चाकावर न फिरलेल्या घागरीतलं पाणी पितर घेत नाहीत, असं गावानं ठरवलं. कोणी ठरवलं, देव जाणे. ठरवणाऱ्यांच्या कोंबड्यांना पाणी प्यायला तिचीच मडकी चालत होती! अखजीच्या घागरी दारव्ह्याच्या भगवान कुंभाराच्या बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, येऊ लागल्या. मला अजूनही गावाच्या त्या ठरवण्याची चीड येते.

बासष्टच्या थंडीत नागोराव गेला. त्याच्या नावाची पहिली अखजी आली तेव्हा शेजारच्या विमलताई म्हणाल्या, "कोकिळे, तुह्याच हातची भर ना वं. तुले कोन अडवते?"

"मले कोनी नाई अडवत, ताई. पन त्यायच्यापर्यंत पोचलंच नाई तं? तहानलेले राह्यतीन. मी कोनाले इचारू?"

कोकिळा पदरात तूर घेऊन बंडीपाशी गेली. भगवान ओशाळला. "वयनी, तुमी कायले?" म्हणत त्यानं तूर न घेताच घागर पुढे केली.

कोकिळानं तिच्यावरून बोटं फिरवली. एका अंगाला पातळ, बूड तिरपं, घाईचा माल. स्वतःच्या भट्टीतून अशी निघाली असती तर तिनं तिथंच फोडली असती. तीच घरी आणली, पाण्यानं भरली आणि पाटावर मांडली. घागर डुगडुगायला लागली. नैवेद्य होईपर्यंत कोकिळा तिला दोन्ही हातांनी धरून बसली.